दक्षिणावर्ती म्हणून घेतलेला शंख नक्की कुठला? आधी आतले आटे बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की आईंच्या सत्तरीला म्हणून तुम्ही ११,००० रुपयांना एक दक्षिणावर्ती शंख घेतला, साधारण ९ सेंमी लांबीचा, पांढराशुभ्र, सोबत लॅबचं सर्टिफिकेट, आणि आता भाऊ म्हणतोय की हा आपल्याकडचा नाहीच, अमेरिकेतला आहे. तर खरं काय, ओळखायचं कसं, आणि दक्षिणावर्ती ही शंखाची वेगळी जात असते का. तीन फोटो दिलेत ते नीट मोठे करून बघितले. माझं मत आधीच सांगून टाकतो, तुमचा भाऊ बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे. पण फोटोत शंखाच्या तोंडाच्या आतलं काहीच दिसत नाहीये आणि निकाल लागतो तो तिथेच, त्यामुळे खाली सांगतो ते घरीच करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

मी गेली पंचवीसेक वर्षं शंख-शिंपले गोळा करणं, त्यांच्या नोंदी करणं, लोकांच्या देवघरातले शंख ओळखून देणं हेच करतोय, आणि मला येणाऱ्या प्रश्नांमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न ह्या एका गोष्टीचेच असतात. लोक श्रद्धेने घेतात, बरेचदा आजारी माणसासाठी घेतात, कर्ज काढून घेतलेलेही बघितलेत, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी उजव्या-डाव्याचा घोळ मिटवू, कारण निम्मा गोंधळ इथेच आहे. शंख हातात घ्या, टोकदार पिळाची बाजू म्हणजे शिखर वर, आणि तोंड तुमच्याकडे. आता तोंड उजव्या हाताला आलं तर शास्त्राच्या भाषेत तो उजवा शंख. समुद्रातल्या गोगलगाई जवळपास सगळ्या अशाच असतात, आपला नेहमीचा पूजेचा शंखसुद्धा. तोंड डावीकडे आलं तर तो डावा. पण आपल्या परंपरेत शंख उलटा धरून बघतात, म्हणजे नळीची निमुळती बाजू वर आणि शिखर खाली, पूजेत आपण त्यातून पाणी घालतो तशी. उलटा धरला की डावीकडचं तोंड उजवीकडे येतं. म्हणून शास्त्रात जो डावा तोच आपला दक्षिणावर्ती, आणि शास्त्रात जो उजवा तो वामावर्ती. तमिळमध्ये दक्षिणावर्तीला वलंपुरी म्हणतात, अर्थ तोच. दोन्ही म्हणणी बरोबर आहेत, फक्त धरायची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे इंटरनेटवर कुणी लेफ्ट हँडेड लिहिलं आणि दुकानदार उजवा म्हणाला तर लगेच कुणी खोटं बोलतोय असं समजू नका.

तर तुमचा शंख डावा आहे हे फोटोत स्पष्ट दिसतंय, त्यात फसवणूक नाही. मुद्दा पुढचा आहे. डावा असणं म्हणजे तो आपला शंख असणं नव्हे.

आपला जो शंख, विष्णूच्या हातातला, बंगालमध्ये ज्याच्या बांगड्या करतात तो, त्याचं शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम. मन्नारचं आखात, पाल्कची सामुद्रधुनी, तुतिकोरीन, रामेश्वरम, श्रीलंकेची उत्तर बाजू हे त्याचं खरं माहेर, आणि इकडे गुजरातेत कच्छच्या आखातातही मिळतो. ह्या जातीत प्राणी उजवेच जन्मतात, आणि फार फार क्वचित एखादा डावा निघतो. तो खरा दक्षिणावर्ती. किती दुर्मिळ म्हणाल तर मी ह्या सगळ्या वर्षांत खात्रीने खरे म्हणावेत असे दोनच हातात घेतलेत, आणि त्यातला एक जुन्या संग्रहात कापसात ठेवलेला होता.

आता दुसरा प्राणी बघा. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात एक गोगलगाय आहे, तिला तिकडे लाइटनिंग व्हेल्क म्हणतात, कारण कोवळ्या शंखावर विजेसारखे तपकिरी पट्टे असतात. शास्त्रीय नाव सिनिस्ट्रोफल्गर, पूर्वी ब्युसिकॉन ह्या नावाखाली असायची, जुन्या पुस्तकात तेच सापडेल. ही जातच डावी आहे. तिच्यात डावा असणं हा नियम आणि उजवा निघणं हे नवल. टेक्सासने १९८७ साली हा आपल्या राज्याचा अधिकृत शंख म्हणून जाहीर केला, इतका तो तिकडे ओळखीचा. तिकडच्या किनाऱ्यावर पोरं वाळूतून उचलून घरी नेतात. तोच इकडे येतो, ॲसिडमध्ये धुतला जातो, बफवर घासून पांढरा होतो आणि दक्षिणावर्ती म्हणून लाल कापडात बसतो. लहान ५ ते १० सेंमीचे पांढरे चकचकीत दक्षिणावर्ती जे आज सगळीकडे दिसतात, ते मी तपासले तेवढे जवळजवळ सगळे ह्या लाइटनिंग व्हेल्कची पिल्लं होती.

दोघांत फरक कसा करायचा, आता मुख्य गोष्ट. शंखाच्या आत मधोमध एक खांब असतो, सगळा पीळ त्या खांबाभोवती फिरलेला असतो, जिना जसा मधल्या खांबाभोवती फिरतो तसा. शिखर वर आणि तोंड समोर धरून डाव्या शंखाच्या तोंडात बोट घातलंत तर उजवीकडची जी भिंत लागते तो हा खांब. टर्बिनेलामध्ये ह्या खांबावर स्क्रूला असतात तसे तीन-चार ठळक आटे असतात. आडवे, खांबाला जवळजवळ काटकोनात, आणि तोंडाच्या उंचीच्या साधारण मध्यावर. दाबून हात फिरवला तर नखाला अडकतात. लाइटनिंग व्हेल्कमध्ये हा खांब गुळगुळीत असतो, फार तर नळीच्या बाजूला एखादी पुसटशी तिरकी कड लागेल, आटे नाहीत. संपलं. एवढी एकच खूण माहीत असली तरी दहातले नऊ शंख तुम्ही स्वतः ओळखाल.

करंगळी आत जात नसेल, ९ सेंमीच्या शंखात कदाचित जाणार नाही, तर मोबाइलचा टॉर्च लावा पण सरळ आत मारू नका, सरळ उजेडात सगळं पांढरं सपाट दिसतं आणि आटे लपतात. तोंडाच्या कडेने तिरका उजेड टाका म्हणजे आट्यांची सावली पडते. मग शंख हळूहळू फिरवा, खांब जिथून आत वळतो तिथे बघा. टूथपिक घेऊन खांबावरून वरून खाली ओढली तरी कळतं, आटे असतील तर टक टक टक अशी तीनदा-चारदा अडखळते, नसतील तर लोण्यातून गेल्यासारखी सरळ येते.

मला हे कुणी शिकवलं ते सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी तुतिकोरीनला गेलो होतो, तिथे शंखाच्या वखारीत पोत्यांचे ढीग, ओल्या सालीचा वास, आणि एक म्हातारे गृहस्थ शंख निवडत बसलेले. मी माझ्याजवळचा एक डावा शंख मोठ्या कौतुकाने दाखवला, मुंबईत मिळालेला, मला तो खरा वाटत होता कारण मी फक्त पीळ बघितला होता. त्यांनी तो डोळ्यांनी बघितलाच नाही. अंगठा तोंडात घातला, एकदा फिरवला आणि परत दिला. मग शेजारच्या पोत्यातला साधा उजवा शंख घेऊन माझा अंगठा धरून त्याच्या तोंडात घातला. ते आटे तेव्हा अंगठ्याला लागले ते आजपर्यंत विसरलो नाही. भाषेचा प्रश्न होता, एक शब्द बोलणं झालं नाही, पण तेवढ्यात सगळं कळलं. तेव्हापासून कुठलाही शंख हातात आला की आधी बोट आत जातं, मग डोळे.

आट्यांवर एवढा भर का देतोय, तर बाहेरचं सगळं बदलता येतं. रंग घालवता येतो, पट्टे घासता येतात, खांद्यावरचे खोंब, म्हणजे टोकदार उंचवटे, ग्राइंडरने काढता येतात, शिखर गोल करता येतं. पण आटा हा पृष्ठभागापासून वर आलेला उंचवटा आहे, प्राणी वाढताना स्वतःच तो चढवत जातो, घासून तो तयार होत नाही. आणि तोंडाशीच नाही, आतल्या प्रत्येक वेढ्यातून खांबावर थेट शिखरापर्यंत तो फिरत गेलेला असतो. काही विक्रेते एक्स-रे देतात आणि एक्स-रे आहे म्हणजे खरा असं लोकांना वाटतं. एक्स-रे ही चांगलीच गोष्ट आहे पण बघायचं काय ते माहीत हवं: मधल्या खांबाच्या कडेला वरपर्यंत दातेरी नक्षीसारखे उंचवटे दिसले तर टर्बिनेला, खांबाची कड सरळ गुळगुळीत दिसली तर नाही.

बाहेरच्या खुणाही सांगतो, पॉलिश न केलेल्या शंखात त्या उपयोगी पडतात. टर्बिनेला जड असतो, मापाच्या मानाने चांगलाच जड, भिंत जाड, आतून चिनी मातीच्या कपासारखी. आकार नासपतीसारखा, पोट गोल, खांदे उतरते, खोंब नाहीत. जिवंतपणी त्याच्यावर तपकिरी मखमली साल असते, त्यामुळे समुद्रातून काढलेला शंख बघून ओळखूच येत नाही की हाच आपला पांढरा शंख, साल काढल्यावर आतला पांढरा रंग दिसतो. लहान वयात अंगावर तपकिरी ठिपके असतात ते वाढताना जातात. तोंडाच्या आत गुलाबी किंवा नारिंगी झाक येऊ शकते. लाइटनिंग व्हेल्क उलट हलका, भिंत पातळ, खांद्यावर खोंबांची रांग मुकुटासारखी, आणि पोटापासून नळीपर्यंत तो हळूहळू निमुळता होत जातो, गाजरासारखा म्हणा. तुमच्या दुसऱ्या फोटोत खांद्यावर ठरावीक अंतराने जे सपाट चट्टे दिसतायत ना, मला ते घासून काढलेल्या खोंबांच्या जागा वाटतात. त्यामुळेच वर म्हटलं की भाऊ बरोबर असावा.

शिखराचं टोकही बघण्यासारखं असतं, कुणी झिजवलं नसेल तर. टर्बिनेलाच्या टोकावर एक जाडसर गोल बोंडुक असतं. ते जन्माच्या वेळचं कवच. बऱ्याच समुद्री गोगलगाईंची पिल्लं आधी सूक्ष्म अळी होऊन पाण्यात तरंगत दूरदूर जातात, शंखाचं तसं नाही. मादी वाळूत अंड्यांची एक लांब पिशवी रोवते, बोकडाच्या शिंगासारखी वळलेली, आतमध्ये एकावर एक कप्पे, आणि पिल्लं त्या कप्प्यांतच वाढून तयार कवचासकट बाहेर पडतात. म्हणून जन्मकवच मोठं. आणि म्हणूनच शंख फार लांब पसरत नाही, जिथे जन्मला त्याच पट्ट्यात राहतो, वाळूतले किडे खातो. कुठल्या एका ठिकाणचे शंख बेसुमार काढले तर दुसरीकडून तरंगत येऊन ती जागा भरत नाही, हे मला फार लागतं, कारण मागणी वाढतच चाललीय.

आता तुमच्या वेगळ्या जातीच्या प्रश्नाकडे येतो. विक्रेत्याने सांगितलं की दक्षिणावर्ती ही शंखाची श्रेष्ठ अशी वेगळी जात आहे. शास्त्राच्या हिशोबाने तसं नाही. टर्बिनेला पायरममध्ये जन्मलेला डावा शंख हा टर्बिनेला पायरमच, आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा फिरलेला. माणसात एखादा डावखुरा असतो, त्याची काही वेगळी जात होत नाही, तसं समजा, फक्त इथे हृदयापासून पोटापर्यंत सगळी रचनाच उलटी असते. तळ्यातल्या लिम्निया गोगलगाईंवर ह्याचा भरपूर अभ्यास झालाय, त्यात असं दिसलं की पिल्लू कुठल्या बाजूला वळणार हे त्याच्या स्वतःच्या नाही तर आईच्या जनुकावर ठरतं, अंड्याच्या पहिल्या काही विभाजनांतच वळण नक्की होतं. म्हणजे डाव्या जनुकाचं पिल्लू उजवं दिसू शकतं आणि परिणाम पुढच्या पिढीत उमटतो. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप भारी वाटलं होतं.

मग जात ठरते कशावरून, तर पीळ सोडून बाकी सगळ्यावरून, आणि इथेही गोष्ट परत त्या आट्यांवरच येते. लिनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६७ साली ह्या शंखाला नाव दिलं ते व्होल्युटा पायरम. पायरम म्हणजे लॅटिनमध्ये नासपती, आकारावरून. आणि व्होल्युटा ह्या गटात का टाकला, तर खांबावर आटे असलेल्या बऱ्याच गोगलगाई त्याने व्होल्युटात ठेवल्या होत्या. पुढे लोकांच्या लक्षात आलं की आटे हे एकट्याने नातं सांगत नाहीत, वेगवेगळ्या घराण्यांत ते असू शकतात, आणि व्होल्युटाचे तुकडे होत गेले. लामार्क ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७९९ मध्ये टर्बिनेला ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, वेगळी केली. म्हणून आज पूर्ण नाव लिहिताना लिनियसचं नाव आणि १७६७ हे साल कंसात घालतात, तो कंस म्हणजे मूळ वर्णन ह्याने केलं पण दुसऱ्या प्रजातीत केलं अशी खूण. पुस्तकात कुठे कंस असतो कुठे नसतो, ती छपाईची चूक नसते.

मध्ये आणखी एक गंमतशीर वळण आहे. लामार्कच्या एक वर्ष आधी, १७९८ मध्ये, रोडिंग ह्या जर्मन अभ्यासकाने ह्याच गटाला झँकस असं नाव दिलं होतं, आणि ते आपल्या शंख शब्दावरूनच घेतलेलं. आधीचं नाव श्रेष्ठ ह्या नियमाने ते बरीच वर्षं चाललं, भारतातल्या मत्स्यविज्ञानाच्या जुन्या लेखांमध्ये सगळीकडे झँकस पायरम हेच दिसेल. नंतर प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने टर्बिनेला कायम केलं. तुम्ही शोधाशोध करणार असाल तर दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर निम्मं साहित्य सापडतच नाही. जेम्स हॉर्नेलने मद्रासच्या मत्स्य खात्यात असताना १९१४ मध्ये शंखावर एक अख्खं पुस्तक लिहिलंय, त्यात त्याने टर्बिनेला हेच नाव वापरलंय.

वरचं वर्गीकरण पटकन सांगतो. मृदुकाय संघ, उदरपाद वर्ग, त्यात निओगॅस्ट्रोपोडा हा गण, त्यात टर्बिनेलिडी हे कुळ. निओगॅस्ट्रोपोडा म्हणजे मुख्यतः मांसाहारी समुद्री गोगलगाई, ज्यांना पाणी आणि वास आत घ्यायला सोंडेसारखी नळी असते, ती बसायला शंखाला पुढे पन्हळ असते. तीच पन्हळ आपण पूजेत पाणी सोडायला वापरतो. लाइटनिंग व्हेल्कही ह्याच गणातली, तिलाही नळी आहे, म्हणून दोघांची ठेवण लांबून सारखी वाटते, पण तिचं कुळ वेगळं, ब्युसिकॉनिडी. ती शिंपल्यांवर जगते, आपला शंख किड्यांवर. म्हणजे एकाच गणातले असले तरी जवळचे भाऊबंद नाहीत. टर्बिनेलाचे खरे चुलत भाऊ म्हणजे कॅरिबियन समुद्रातला टर्बिनेला अँग्युलाटा आणि ब्राझीलचा टर्बिनेला लेव्हिगाटा. त्यांच्या खांबावरही आटे आहेत, आणि तेही आपल्या शंखासारखे उजवेच.

मघाशी म्हटलं की आटे इतरांनाही असतात, तर ते दहावं प्रकरणही सांगून ठेवतो, नाहीतर अर्धवट माहितीने गोंधळ व्हायचा. ट्रॅपेझियम नावाचा एक मोठा तांबूस शंख पर्यटनस्थळांच्या दुकानात असतो, त्याच्या खांबावरही दोन-तीन कडा असतात पण त्या तिरक्या, बारीक आणि अगदी तळाला. मेलो नावाची मोठी गोल पिवळसर गोगलगाय, तिला चांगले जाड आटे असतात पण तेही तिरके, आणि तिला नळीच नाही, नुसती खाच. टर्बिनेलाचे आटे आडवे आणि मध्यावर, हे लक्षात ठेवा म्हणजे चुकणार नाही. आपल्या कोकणात मासेमारीच्या जाळ्यात तपकिरी केसाळ सालीचा जो शंख येतो, लोक त्याला समुद्राचा शंख म्हणून घरी ठेवतात, तो बहुधा व्होलेगॅलिया कॉक्लिडियम, त्याचा खांब गुळगुळीत. तो वेगळ्या कुळातला. मालवण-अलिबागच्या दुकानात पूजेचा म्हणून पांढरा शंख मिळतो तो इथला नसतो, दक्षिणेकडून येतो.

सर्टिफिकेटबद्दल. तुमच्याकडे जो कागद आहे त्यावर नॅचरल शेल, कॅल्शियम कार्बोनेट असं काही लिहिलंय असं तुम्ही म्हणता. ते खरंच आहे. पण समुद्रातला कुठलाही शंख कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो, तिसऱ्यांची शिंपलीसुद्धा. तो कागद एवढंच सांगतो की ही वस्तू प्लास्टिक किंवा पावडरीचा साचा नाही. जातीचं नाव त्यावर आहे का बघा. टर्बिनेला पायरम असं स्पष्ट लिहून सही केली असेल तर गोष्ट वेगळी, मग तो कागद घेऊन भांडता येईल. कानाला लावल्यावर आवाज येतो, तांदळात ठेवला की फिरतो, दुधात टाकला की रंग बदलतो, ह्या कसोट्यांनी जात कळत नाही. कानाला येणारा आवाज हा आजूबाजूच्याच आवाजाचा घुमारा, तो मोठ्या कपातूनही येतो.

रेझिनचे किंवा शंखाच्या पावडरीचे ओतीव डावे शंखही मी बघितलेत. त्यात कधी आटेही असतात कारण साचा तसा केलेला असतो. ते भिंगाखाली धरा. खऱ्या शंखावर तोंडाच्या कडेला समांतर बारीक वाढीच्या रेषा असतात, झाडाच्या वलयांसारख्या, पॉलिशनंतरही कुठेतरी राहतातच. ओतीव मालात त्या रेषा एकतर नसतात किंवा बोथट असतात, बारीक बुडबुड्यांची छिद्रं दिसतात, आणि हाताला तो लगेच गरम होतो, खरा शंख बराच वेळ गार लागतो.

कायद्याचंही थोडं, कारण लोक नकळत अडकतात. २००१ साली वन्यजीव कायद्याच्या यादीत काही शंख-शिंपले घातले गेले, आणि २०२२ च्या दुरुस्तीत याद्यांची मांडणी बदलली. कॅसिस कॉर्न्यूटा म्हणजे तो मोठा शिंगाळ शिरस्त्राणासारखा शंख, चारोनिया ट्रायटोनिस म्हणजे लांब ट्रायटन, आणि वर सांगितलेला ट्रॅपेझियम हे त्या यादीतले. टर्बिनेला पायरम त्या २००१ च्या यादीत नव्हता. तेव्हा साध्या पूजेच्या शंखाची भीती बाळगू नका, पण दुकानात दिसतोय म्हणून कुठलाही मोठा शोभेचा शंख उचलून आणू नका.

मूळ शंख किती जुना सोबती आहे आपला ह्याचं एक उदाहरण देतो, मला आवडतं म्हणून. गुजरातेत नागेश्वर नावाची हडप्पाकालीन वस्ती आहे, तिथे टर्बिनेला पायरम कापून बांगड्या करायचा कारखानाच होता. शंख जाड आणि पोटातून गोल म्हणून आडवा कापला की बांगडी निघते. पण वेढा जिथे वेढ्याला चिकटतो तिथे बांगडीवर एक नैसर्गिक सांधा दिसतो, आणि त्या कारागिरांनी त्या सांध्यावर बाणाच्या टोकासारखी एक खूण कोरून तो नक्षीत मिळवून टाकलाय. आज उत्खननात नुसता तुकडा सापडला तरी अभ्यासक त्याची वक्रता, जाडी आणि हा सांधा बघून सांगतात की हा टर्बिनेलाचा. म्हणजे जात ओळखायला अख्खा शंख लागतोच असं नाही, रचना कळली पाहिजे.

तुमच्या शंखाचं काय करायचं. आटे नाही निघाले तर बिल असेल तर त्यावर काय लिहून दिलंय ते बघा, आणि जातीच्या नावासकट लेखी विचारा की हा टर्बिनेला पायरम आहे का. तोंडी उत्तर घेऊ नका. आईंना सांगायचं की नाही हा घरचा प्रश्न आहे, त्यात मी पडणार नाही, पण एक प्रसंग सांगतो. रत्नागिरीकडे एका घरात आजींनी मला चांदीच्या डबीतला दक्षिणावर्ती दाखवला होता, खाली छोटी अडणी, वर तुळशीचं पान. मी बोट लावलं, खांब गुळगुळीत. त्यांचे दीर जहाजावर होते आणि अमेरिकेच्या खेपेत तो त्यांनीच आणला होता, पैसे देऊन घेतलेला नव्हता. मी जे आहे ते सांगितलं. आजी म्हणाल्या, म्हणजे भावोजींनी तिकडच्या किनाऱ्यावरनं स्वतः उचलला तो, आणि डबी बंद करून परत देवघरात ठेवली. त्यांची पूजा त्याच शंखाची चालू राहिली. फक्त त्यांच्या नातवाने पुढे तो विकायला काढला असता तर घेणाऱ्याची फसवणूक झाली असती, म्हणून मी त्याला एका कागदावर सिनिस्ट्रोफल्गर, मेक्सिकोचं आखात असं लिहून डबीत ठेवायला दिलं. जुन्या शंखासोबत अशी चिठ्ठी असणं फार मोलाचं, तुम्हीही ठेवा, कुठून घेतला आणि कधी घेतला एवढं तरी.

आणि आटे निघाले, आडवे, मध्यावर, तीन-चार, तर शंख परत अजिबात घासू नका, ॲसिड तर नाहीच, लिंबू-चिंचही नको, शंखाला आंबट चालत नाही. साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा. मग वर सांगितलं तसा कडेने तिरका उजेड टाकून तोंडाच्या आतल्या खांबाचा एक फोटो, शेजारी फूटपट्टी ठेवून अख्ख्या शंखाचा एक, शिखराच्या टोकाचा एक आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावरचं वजन, एवढं मला पाठवा.